मादाम कामा : निशाण आणि पुस्तक

आमच्या राजापेठेंत १५ ऑगस्टच्या आधीं दोन दिवस रस्त्याच्या कडेला तिरंगी निशाणें विकावयास बसतात. मुलें तीं हौसेनें घरीं नेतात, शाळेच्या पटांगणांत ध्वजवंदन होतें, खाऊ वाटला जातो, आणि दुसरे दिवशीं त्या कागदी निशाणांचें काय होतें तें न विचारलेलें बरें. यंदा या वार्षिकासाठीं लेखांची जुळवाजुळव चालू असतां एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं आम्हांस विचारलें कीं, रात्रीं जेवणें झाल्यावर आईबापांनीं व मुलांनीं एकत्र बसून वाचावें असें आपल्या निशाणाविषयींचें एखादें पुस्तक सुचवाल काय? प्रश्न साधा होता, पण आम्ही जरा अडखळलों. निशाणाची लांबी व रुंदी यांचें प्रमाण तीनास दोन असावें, केशरी पट्टा वर असावा, मधल्या चक्रास चोवीस आरे असावेत, ही माहिती देणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत व तीं उपयुक्तहि आहेत. परंतु दुसऱ्या पानावर मुलाला जांभई येते आणि तिसऱ्यावर बापाला.

अमेरिकेंत निशाणाविषयींचीं गोष्टीचीं पुस्तकें घरोघरीं वाचलीं जातात. फिलाडेल्फिया शहरांतील बेट्सी रॉस नांवाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनें त्या राष्ट्राचें पहिलें निशाण शिवलें, ही कथा तेथील मुलें आईजवळ बसून ऐकतात. ती कथा तिच्या नातवानें १८७० सालीं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनीं, लोकांपुढें मांडली, व तिला लेखी पुरावा नाहीं असें इतिहासकार म्हणतात. तरी मुलें ऐकतात. आपल्याकडे एक कथा अशी आहे कीं तिला पुरावा आहे, तें निशाण आजहि डोळ्यांनीं पाहतां येतें. पण ती मुलांना जवळ घेऊन सांगणारीं घरें थोडीं. म्हणून पुस्तक सुचविण्याऐवजीं हें छोटेंसें चरित्रच आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. घरांत मोठ्यानें वाचण्यास सोयीचें व्हावें इतकीच आमची खटपट आहे.

मुंबईंतील एका सधन पारशी कुटुंबांत २४ सप्टेंबर १८६१ रोजीं भिकाईजींचा जन्म झाला. वडील सोराबजी फ्रामजी पटेल हे नांवाजलेले व्यापारी; आईचें नांव जयजीबाई. मुलींसाठीं काढलेल्या अलेक्झांड्रा या इंग्रजी शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. भाषा शिकण्याची त्यांना उपजतच गोडी होती, आणि ती पुढें परदेशांत फार कामास आली. ३ ऑगस्ट १८८५ रोजीं रुस्तमजी कामा या वकिलांशीं त्यांचा विवाह झाला. सासरे खरशेटजी रुस्तमजी कामा हे प्राच्यविद्येचे जाडे पंडित. त्यांच्या नांवाची संस्था मुंबईंत अद्याप चालू आहे. माहेर व सासर दोन्ही घरें पैशानें व प्रतिष्ठेनें भरलेलीं. परंतु पतिपत्नींचीं मनें जुळलीं नाहींत. इंग्रजी राज्य हें हिंदुस्थानच्या कल्याणाचें आहे अशी रुस्तमजींची समजूत, आणि बाईंची समजूत नेमकी उलट. एका छपराखालीं राहून रोज सकाळीं एकाच वर्तमानपत्रावरून दोन मतें व्हावींत, असा तो संसार. त्याचा दोष एकट्या कोणाच्या माथीं मारण्याचा आमचा विचार नाहीं. बाईंना मूलबाळ नव्हतें. पतीचें नांव मात्र त्यांनीं अखेरपर्यंत टाकलें नाहीं. जगानें त्यांना ओळखलें तें मादाम कामा याच नांवानें.

१८९६ सालीं मुंबई इलाख्यावर दुष्काळाचें संकट आलें आणि त्याच्या पाठोपाठ मुंबई शहरांत गांठीचा प्लेग शिरला. ज्यांना शक्य होतें तीं माणसें शहर सोडून पळालीं. ज्या घरांना बाहेरगांवीं बंगले होते त्यांतलें एक घर कामाबाईंचें होतें. पण बाई ग्रँट मेडिकल कॉलेजांतून निघणाऱ्या शुश्रूषा-पथकांत दाखल झाल्या आणि रोग्यांच्या खाटांपाशीं उभ्या राहिल्या. पुढें त्यांना स्वतःलाच प्लेग झाला. त्यांतून त्या वांचल्या, पण प्रकृति कायमची ढासळली, व १९०२ च्या सुमारास औषधोपचारासाठीं त्यांना इंग्लंडला पाठविण्यांत आलें. थोड्या महिन्यांसाठीं म्हणून निघालेल्या या बाई तेहतीस वर्षें मायदेशाला पारख्या झाल्या.

लंडनमध्यें त्या वेळीं दादाभाई नौरोजी होते. त्यांच्या कार्यांत बाईंनीं हातभार लावला. पुढें श्यामजी कृष्णवर्मा यांची गांठ पडली. श्यामजींनीं १९०५ सालीं हायगेट या भागांत हिंदी विद्यार्थ्यांसाठीं इंडिया हाऊस हें वसतिगृह उघडलें, तेथें जाणें-येणें सुरू झालें. दादाभाई अर्ज व पुरावे यांनीं इंग्रजांचें मन वळवूं पाहत होते. श्यामजींभोंवतीं जमलेल्या तरुणांचा त्यावरचा विश्वास उडाला होता. कामाबाई हळूहळू या दुसऱ्या पक्षाकडे वळल्या. त्यांना स्वदेशीं परतण्याची इच्छा होती. परंतु राजकीय चळवळींत भाग घेणार नाहीं असें लिहून दिल्यास परततां येईल, असा निरोप सरकारकडून आला. बाईंनीं लिहून दिलें नाहीं. हा कागद या कथेंत पुन्हां एकदां येणार आहे. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

बाईंनीं पॅरिसमध्यें बिऱ्हाड केलें. तेथें मोत्यांचा व्यापार करणारे सरदारसिंह राणा व गोदरेज घराण्यांतील एक गृहस्थ यांच्यासह त्यांनीं हिंदी लोकांची एक संस्था उभारली. आतां आम्ही मूळ प्रसंगाकडे येतों.

१९०७ सालच्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं समाजवादी पक्षांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. निरनिराळ्या देशांतून सुमारें नऊशें प्रतिनिधि आले होते. प्रत्येक देशाचा प्रतिनिधि आपल्या राष्ट्राच्या नांवानें बोलत होता. हिंदुस्थानला राष्ट्र म्हणून तेथें जागा कोठली? जगाच्या नकाशावर हिंदुस्थान तांबड्या रंगाचा होता आणि तांबडा रंग इंग्रजांचा होता. अशा सभेंत २२ ऑगस्ट रोजीं साडी नेसलेली एक हिंदी बाई व्यासपीठावर आली. हिंदुस्थानांतून दरवर्षीं केवढें धन बाहेर जातें व त्यामुळें तेथील रयतेवर काय प्रसंग ओढवतो याचें वर्णन तिनें केलें, माणुसकीच्या नांवानें या सभेचा पाठिंबा मागितला, आणि शेवटीं एक निशाण उलगडून हिंदी स्वातंत्र्याचें निशाण म्हणून तें सर्वांना दाखविलें. सभाजन उभे राहिले. इंग्रज प्रतिनिधींपैकीं कांहींचा मात्र या प्रकरणास विरोध होता. बाईंनीं आणलेला ठराव नियमांच्या अडचणीमुळें रीतसर मतास पडला नाहीं. म्हणजे कागदोपत्रीं पाहिलें तर त्या दिवशीं हिंदुस्थानच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं.

तें निशाण आजच्या तिरंग्यासारखें नव्हतें. त्यावर निरनिराळ्या रंगांचे तीन आडवे पट्टे होते, मधल्या पट्ट्यावर नागरी लिपींत वंदे मातरम् हीं अक्षरें होतीं, आणि कमळ, सूर्य व चंद्रकोर यांच्या आकृति होत्या. आदल्याच वर्षीं, ७ ऑगस्ट १९०६ रोजीं, कलकत्त्यास पारशी बागान येथें वंगभंगाच्या चळवळींत अशाच धर्तीचें एक निशाण लागलें होतें. म्हणजे हिंदुस्थानचें निशाण असावें ही कल्पना कोणा एकाच्या डोक्यांतून निघाली नाहीं. पण परक्यांच्या भरसभेंत, ज्यांचें राज्य त्यांच्या तोंडासमोर, तें प्रथम उलगडलें तें कामाबाईंनीं. त्या निशाणाच्या पाठीमागें सैन्य नव्हतें, खजिना नव्हता, एखादें गांवसुद्धां नव्हतें. नाटकांतील राजाच्या निशाणाला निदान पडदा पडेपर्यंत राज्य असतें. याला तेवढेंहि नव्हतें. सभा संपल्यावर तें घडी करून बाईंच्या सामानांत गेलें आणि त्या पुढील गांवीं निघाल्या.

पुढील गांव म्हणजे अमेरिका. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्या न्यूयॉर्कला पोहोंचल्या व तेथें हिंदुस्थानची बाजू मांडूं लागल्या. ज्या देशाच्या निशाणावर तेरा पट्टे आहेत, त्या देशाला या बाईंचें म्हणणें कळावयास अवघड नव्हतें. ते तेरा पट्टे म्हणजे ज्या तेरा वसाहतींनीं १७७६ सालीं इंग्लंडच्या राजाशीं संबंध तोडला त्यांची खूण. त्याच राजघराण्याविरुद्ध तीच तक्रार घेऊन ही एकटी प्रवासी बाई आली होती. अमेरिकन लोकांनीं तिचें भाषण कौतुकानें ऐकलें. अमेरिकन सरकारनें कांहीं केलें नाहीं, आणि तें करील अशी बाईंचीहि कल्पना नसावी.

आतां पुस्तकाविषयीं. घरांत एकत्र वाचावयाच्या पुस्तकाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों कीं, त्या काळीं कांहीं पुस्तकें घरांत ठेवणें हाच गुन्हा होता. विनायकराव सावरकर यांनीं लंडनमध्यें राहून १८५७ च्या लढ्यावर मराठींत ग्रंथ लिहिला. त्याचें हस्तलिखित हिंदुस्थानांत आलें, पण छापखान्यांवर पोलिसांची नजर होती. तें छापलें गेलें नाहीं व मोठ्या युक्तीनें परत पॅरिसला गेलें. जर्मनींत नागरी खिळे मिळाले, पण ते जुळवणाऱ्यांना मराठीचा गंध नाहीं. तोहि बेत फसला. अखेर इंग्रजी भाषांतर करून १९०९ सालीं तें हॉलंडांत छापविलें. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वींच हिंदुस्थान सरकारनें त्यावर बंदी घातली होती! कोणी वाचलेलें नाहीं अशा पुस्तकावर बंदी घालण्याचा हा प्रकार मोठा मौजेचा. परीक्षेपूर्वींच नापास करण्यासारखा. या ग्रंथाच्या प्रसाराचा भार ज्यांनीं उचलला त्यांत कामाबाई प्रमुख होत्या. डिकन्सची कादंबरी किंवा तसलेंच कांहीं निरुपद्रवी नांव वेष्टनावर घालून प्रती हिंदुस्थानांत पाठविल्या जात. त्याच वर्षीं सप्टेंबरांत जिनीव्हाहून वंदे मातरम् हें पत्रहि बाईंनीं सुरू केलें. त्याच्या संपादनांत लाला हरदयाळ होते. फ्रेंचांच्या ताब्यांतील पांडेचरीच्या वाटेनें तें आंत येई.

अशीं पुस्तकें घरीं कशीं वाचलीं जात असतील याची कल्पना आजच्या मुलांना येणें कठीण. दार लावून घ्यावयाचें, एकानें वाचावयाचें, बाकीच्यांनीं ऐकावयाचें, आणि पहाटेपूर्वीं तें दुसऱ्या घरीं पोंचवावयाचें. वाचणाऱ्याला तुरुंग, आणि घरांतील इतरांना झडती. मुलांना सांगावें तर तीं बाहेर बोलतील. न सांगावें तर मग वाचावयाचें कोणासाठीं? त्या वेळच्या आईबापांपुढील हा पेंच खरा होता. टिळकांना १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा झाली ती लेखांबद्दलच. त्यांच्या अपिलासाठीं आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्याच वर्षीं विलायतेस गेले व १९१० पर्यंत तेथें राहिले; तेव्हां ही सारी धामधूम आमच्या गांवाला अगदींच परकी होती असें कोणी समजूं नये.

मूळ मराठी हस्तलिखिताची कथा याहून विलक्षण आहे. एक प्रत कामाबाईंनीं पॅरिसमधील बँकेच्या तिजोरींत ठेविली होती असें सांगतात. ती पुढें हातीं लागली नाहीं. परंतु कुटिन्हो नांवाच्या एका गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थांनीं दुसरी प्रत परदेशीं सुमारें चाळीस वर्षें जिवापलीकडे जपली. १९४६ सालीं ग्रंथावरील बंदी उठली, आणि ती प्रत परत आल्यावर मराठी माणसाला तो ग्रंथ मूळच्या मराठींत मिळाला. एका पारशी बाईनें व एका गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थानें मराठी अक्षरांची केलेली ही राखण आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

येथें एक गोष्ट लपविणें बरें नव्हे. या मंडळींनीं पुस्तकांबरोबर पिस्तुलेंहि हिंदुस्थानांत धाडलीं, आणि त्यांपैकीं एकाचा उपयोग १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनांत झाला. सावरकरांवर तो आरोप येतांच, हीं पिस्तुलें आपण पाठविलीं असें कामाबाईंनीं पॅरिसमधील ब्रिटिश वकिलातींत जाऊन सांगितलें, असें चरित्रकार लिहितात. जॅक्सन हा संस्कृताचा व्यासंगी मनुष्य होता. त्याच्याहि घरीं माणसें होतीं. खुनाचा मार्ग आम्हांस मान्य नाहीं व तो आम्ही मुलांपुढें आदर्श म्हणून ठेवणार नाहीं. पण दुसऱ्याचा गळा सुटावा म्हणून आपला पुढें करणारी माणसें किती, असा प्रश्न कोणा मुलानें केल्यास त्याचें खरें उत्तर पालकांनीं द्यावें.

सावरकरांना पकडून हिंदुस्थानांत नेलें जात असतां ८ जुलै १९१० रोजीं त्यांनीं मार्सेलिस बंदरांत बोटींतून समुद्रांत उडी टाकली. कामाबाई व त्यांचे सोबती तेथें पोहोंचावयाचे होते, त्यांना थोडा उशीर झाला, आणि तेवढ्यांत कैदी पुन्हां पकडला गेला, अशी कथा आहे. ती सर्वस्वीं खरी असो वा नसो, त्यानंतर फ्रान्सच्या भूमीवर झालेली ही अटक बेकायदेशीर आहे असा बोभाटा करण्यांत बाईंचा हात होता हें निश्चित. प्रकरण हेगच्या न्यायासनापर्यंत गेलें आणि १९११ च्या फेब्रुवारींत निकाल इंग्रजांसारखा लागला.

त्याच सुमारास, १९१० सालीं, ईजिप्तच्या लोकांच्या एका सभेंत त्या बोलावयास उभ्या राहिल्या. समोर सारे पुरुष. बाईंनीं प्रथम विचारलें तें हें कीं ईजिप्तची उरलेली अर्धी प्रजा कोठें आहे; पाळणा हलविणाऱ्या हातांवांचून राष्ट्र घडत नाहीं हें तुम्ही विसरलांत काय. पुढें दहा वर्षांनीं स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटणाऱ्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन त्यांना भेटल्या, तेव्हां मात्र आधीं देशाच्या स्वातंत्र्यासाठीं झटा, हिंदुस्थान स्वतंत्र झाला कीं मताचा हक्क आपोआप येईल, असा त्यांनीं सल्ला दिला. स्वातंत्र्यानंतर पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकींत स्त्रियांना मत मिळालें, एवढ्यापुरता त्यांचा अंदाज बरोबर ठरला.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. इंग्लंड व फ्रान्स मित्र झाले आणि इतकीं वर्षें आसरा देणारा देशच एकाएकीं परका झाला. राणांना सहकुटुंब दूर मार्टिनिक बेटावर धाडलें. कामाबाईंना व्हिशी येथें स्थानबद्ध केलें. आधींच खालावलेली प्रकृति तेथें अधिक बिघडली. १९१७ च्या अखेरीस त्यांना थोडी मोकळीक मिळाली, तीहि दर आठवड्याला पोलिसांकडे हजेरी देण्याच्या अटीवर. युद्धानंतर त्या पॅरिसच्या आपल्या बिऱ्हाडीं परतल्या. पुष्कळसे सोबती पांगले होते, कांहीं मेले होते, कांहीं तुरुंगांत होते. आणि हिंदुस्थानांत तर काळच बदलला होता. १९२३ सालीं आमच्या शेजारच्या नागपूरला सरकारनें निशाण घेऊन सिव्हिल लाइन्समध्यें जाण्यास मनाई केली, तेव्हां जमनालाल बजाज यांच्या पुढाकारानें झेंडा सत्याग्रह झाला. हातीं निशाण घेऊन चार पावलें चालावें आणि अटक करून घ्यावी, इतकेंच त्यांत करावयाचें होतें. दीड हजारांहून अधिक माणसें तुरुंगांत गेलीं. तें निशाण चरख्याचें, वेगळ्या रंगांचें. स्टुटगार्टला एका बाईनें एकटीनें केलें तें आतां सामान्य रयत रांगेनें करीत होती.

बाईंना पक्षाघाताचा झटका आला. वय सत्तरीपलीकडे गेलें. मरण मुंबईंत यावें एवढी एकच इच्छा उरली. सर कावसजी जहांगीर यांनीं त्यांच्यासाठीं सरकारकडे खटपट केली, आणि राजद्रोही चळवळींपासून दूर राहीन असें लिहून द्यावें, अशी तीच जुनी अट पुन्हां पुढें आली. या वेळीं बाईंनीं ती मान्य केली. कोणी यास माघार म्हणतात. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. तेहतीस वर्षें ज्या कागदानें घराचें दार बंद ठेविलें, त्यावर सही करतांना त्या लुळ्या हाताजवळ सरकारपासून राखून ठेवण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. जें द्यावयाचें तें त्यांनीं आधींच दुसरीकडे देऊन टाकलें होतें.

१९३५ च्या नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या. नऊ महिन्यांनीं, १३ ऑगस्ट १९३६ रोजीं, पारशी जनरल हॉस्पिटलमध्यें त्यांचें निधन झालें. संपत्तीचा मोठा भाग त्यांनीं अनाथ मुलींसाठीं चाललेल्या अवाबाई पेटिट संस्थेस ठेविला, व कांहीं भाग माझगांव येथील आपल्या घराण्याच्या अग्यारीस. ज्या दिवशीं दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या बाजूनें नव्हे तर साऱ्या देशभर तिरंगा फडकला, तो दिवस त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षें व दोन दिवसांनीं आला. २६ जानेवारी १९६२ रोजीं टपालखात्यानें त्यांचें चित्र असलेलें तिकीट काढलें. जुन्या तिकिटांचा संग्रह करणाऱ्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या वहींत तें असेलहि.

आणि तें निशाण? गुजराथचे इंदुलाल याज्ञिक यांनीं तें परदेशांतून लपवून हिंदुस्थानांत आणलें. तें आज पुण्यास केसरी वाड्यांत, केसरी-मराठा ग्रंथालयांत, पुस्तकांच्या शेजारीं जपून ठेविलेलें आहे.